बागेत कासवाची पिल्ले सापडली तर

जून लागला की आमच्याकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडलेला असतो, कुणाचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटत नसतो. कासवाबद्दल कुणी विचारायला येईल असे आम्हांला कधी वाटले नव्हते. पण २०२४ च्या जूनमध्ये वस्तीतली दोन मुले सकाळीच एक घमेले उचलून आमच्या दारात आली. घमेल्यात काठोकाठ पाणी आणि पाण्यात चार कासवाची पिल्ले. प्रत्येक पिल्लू लहान बिस्किटाएवढे. हिरवट तपकिरी पाठ, पुढे आलेले टोकदार नाक, आणि चौघांची एकच धडपड, घमेल्याच्या कडेवर चढण्याची.

आमच्या विहारामागे जमिनीचा एक पट्टा आहे. महिला मंडळाने तिथे भेंडी, वांगी, अळू लावले आहे, कडेला झेंडू आणि कण्हेर. पलीकडे रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे जुने तळे. आदल्या रात्री पहिला मोठा पाऊस पडून गेला होता. सकाळी फुले तोडायला गेलेल्या मुलांना भेंडीच्या वाफ्यात एक बीळ दिसले आणि बिळाभोवती ही पिल्ले.

घमेले पाहायला अर्धी गल्ली जमली. एक आजी म्हणाल्या, दुधात भाकरी कुस्करून घाला. एकाने सांगितले, मोठ्या टाकीत सोडा, मुलांना खेळायला होतील. तिसरा गृहस्थ जरा बाजूला घेऊन बोलला की नखे मोजून पाहा, वीस भरली तर घेणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे. आणि सातवीतला मुलगा, ज्याने ती पिल्ले उचलली होती, त्याने आम्हांला सरळ धम्मातलाच दाखला दिला. "काका, सिद्धार्थाने हंसाला वाचवले तेव्हा हंस त्यालाच मिळाला ना? मग आम्ही यांना वाचवले. ही आमचीच."

दर रविवारी धम्मवर्गात बसणाऱ्या मुलाला तोंडातोंडी उत्तर देणे सोपे नसते. त्या दिवशी जे शोधले, विचारले आणि केले, ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून या आठवड्याचे हे पान कासवांना देत आहोत. आपल्या वस्त्या बहुधा गावाच्या, शहराच्या कडेला, ओढ्यानाल्याच्या आणि तळ्याच्या बाजूला असतात. तेव्हा असे पाहुणे आपल्याच दारी जास्त येणार.

आधी ही पिल्ले कोण ते पाहू. महाराष्ट्रातल्या तळ्यांत, विहिरींत, भातखाचरांत नेहमी दिसणारे एक कासव म्हणजे मऊ पाठीचे कासव. याची पाठ इतर कासवांसारखी खवल्यांची नसते, वर कातडे असते. पोटाच्या बाजूला मागे दोन झडपा असतात. पाय आत ओढले की या झडपा दारासारख्या मिटतात, म्हणून त्याला फ्लॅपशेल असे इंग्रजी नाव पडले. ते गोगलगायी, किडे, बेडकाची पिल्ले, मेलेले मासे, पाणवनस्पती असे जे मिळेल ते खाते. तळ्यात मेलेले कुजत पडले तर पाण्याला वास सुटतो, ते काम हे कासव पगार न घेता करते. उन्हाळ्यात तळे आटले की चिखलात स्वतःला गाडून घेऊन पावसाची वाट पाहते.

मग पाण्यातल्या कासवाची पिल्ले भेंडीच्या वाफ्यात कशी? तर कासव पाण्यात राहत असले तरी अंडी जमिनीवरच घालते. मादी तळ्यातून वर येते. तळ्याचे पाणी चढले तरी पोचणार नाही अशी उंचवट्याची, ऊन लागणारी, खणायला मऊ जागा शोधते. बाईमाणसाच्या हाताने खुरपलेला, शेणखत घातलेला वाफा तिला याहून चांगला कुठे मिळणार? मागच्या पायांनी खड्डा करून ती गोल पांढरी अंडी घालते, माती ओढून घेते आणि निघून जाते. पुन्हा त्या जागेकडे फिरकत नाही. अंडी कित्येक महिने मातीत पडून असतात. पावसाने माती भिजून सैल झाली की पिल्ले वर येतात.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या पिल्लांना आई येऊन नेणार नाही. पक्ष्याचे पिल्लू घरट्यातून पडले तर आई आसपास असते, कासवाच्या बाबतीत तसे काही नाही. अंड्यातून बाहेर आल्या क्षणापासून ती स्वतंत्र असतात, आणि त्यांना पाण्याकडे जाण्याची ओढ उपजतच असते. 'बिचारी आईवेगळी झाली' म्हणून घरात आणण्याचे कारण नाही. त्यांच्या जातीत सगळेच आईवेगळे.

म्हणून बागेत पिल्ले दिसली तर पहिले काम म्हणजे हात मागे घ्यावेत आणि पाहावे. पिल्ले धडधाकट चालत असतील, तळे किंवा ओढा जवळ असेल, मध्ये रस्ता नसेल, तर त्यांना जाऊ द्यावे. आपण फक्त वाट मोकळी करायची. कुत्रा असेल तर बांधावा, मांजर आत घ्यावे. कावळा, घूस, मुंगूस हे त्यांचे शत्रू, म्हणून तासभर कुणीतरी मोठे माणूस लांब उभे राहिले तर बरे. उघडे गटार वाटेत असेल तर त्यावर फळी टाकावी. पाण्याच्या हौदाला, खड्ड्याला काठाशी दोन विटा लावून उतार करून ठेवावा, म्हणजे पडलेले पिल्लू चढून येईल. आणि ज्या बिळातून ती आली ते उकरू नये. आत अजून पिल्ले किंवा अंडी असू शकतात.

खणताना अंडीच सापडली तर? वाफा खणणाऱ्या बायकांसाठी हे सांगणे जरुरीचे आहे. कासवाच्या अंड्याला कोंबडीच्या अंड्यासारखे फिरवून चालत नाही. आतला गर्भ वरच्या बाजूला कवचाला धरून असतो. अंडे उलटे झाले तर तो आत मरतो. म्हणून अंडे हलवूच नये. कुदळीने माती निघालीच असेल तर ती हलक्या हाताने पुन्हा टाकावी, चार काटक्या रोवून खूण करावी आणि वाफ्याचा तेवढा भाग या हंगामापुरता सोडून द्यावा. पाच-सहा भेंडीची झाडे कमी होतील, एवढेच.

आमच्या बाबतीत मध्ये रस्ता होता. टेम्पो, रिक्षा, पाण्याचे टँकर दिवसभर धावतात. अशा वेळी उचलावेच लागते. उचलायचे तर हात ओले करून, कडेच्या दोन्ही बाजूंनी दोन बोटांनी. शेपटीला किंवा पायाला धरून लटकवू नये. वाटेतच दिसले तर ज्या दिशेने ते चालले होते त्याच दिशेला, रस्त्याच्या पलीकडे ठेवावे. आपल्या सोयीच्या बाजूला ठेवले तर ते पुन्हा रस्त्यावर येणार. आणि थोडा वेळ ठेवावेच लागले तर काठोकाठ पाण्याच्या घमेल्यात ठेवू नये. कासव पाण्यातले असले तरी श्वास फुप्फुसाने घेते. दिवसभर पोहून दमलेले पिल्लू टेकायला जागा न मिळाल्यास बुडून मरते. तळाला ओले फडके पसरलेला प्लास्टिकचा टब, त्यात पिल्लाच्या पोटाला लागेल एवढेच पाणी, वरून भोके पाडलेले झाकण, आणि टब सावलीत, मुलांच्या हातापासून दूर. पिल्ले पाहायला यायचे तर एकदा येऊन जावे.

त्या आजींच्या दूध-भाकरीबद्दल. आजींची माया खरी, पण कासवाला दूध पचत नाही, भाकरी, भात, बिस्किट त्याचे अन्न नाही. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो, त्यावर त्याचे सुरुवातीचे दिवस निघतात. एक-दोन दिवसांत त्याला काही खायला घालण्याची गरजच नसते. पिल्लाच्या पोटाला बारीक पिवळसर गाठ दिसली तर ती जखम नव्हे, तो बलकच. तिला बोट लावू नये. पाठ खरोखर फुटली असेल तर हळद, तेल, चुना असले काही लावू नये. कासवाची पाठ म्हणजे अंगावर घातलेली टोपली नव्हे. त्याचा कणा आणि बरगड्याच पसरून ते कवच होते, त्यात रक्त असते, वेदना असते. ते काम जनावरांच्या डॉक्टराचे.

हाताळून झाल्यावर प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत. कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. कासवाला त्याचा त्रास होत नाही, माणसाला जुलाब-ताप होतो. तान्ह्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना तो भारी पडू शकतो. अमेरिकेत मुलांना या रोगाची बाधा होऊ लागली म्हणून १९७५ साली चार इंचांहून लहान कासवे विकण्यावर बंदी घातली गेली. ज्या टबात पिल्ले ठेवली तो टब पुन्हा भांडी घासायला वापरू नये.

आता कायद्याचे. इथे आम्ही जरा जास्त शब्द खर्च करणार आहोत, कारण नुकसान होते ते इथेच.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे. २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आपल्याकडचे मऊ पाठीचे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत. अंगावर चांदण्यांसारखी नक्षी असलेले जमिनीवरचे कासवही त्या यादीत आहे. या यादीतला प्राणी पकडणे, बाळगणे, विकणे यासाठी कमीत कमी तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद आहे, शिवाय कमीत कमी पंचवीस हजार रुपये दंड. अंडी फोडणे, घरटे उसकटणे हेही कायद्याच्या भाषेत शिकारच. 'मला माहीत नव्हते' हे उत्तर चालत नाही.

आम्ही घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पण पाहा, बंगल्यातल्या काचेच्या पेटीत ठेवलेले कासव कुणाच्या सहसा नजरेस पडत नाही. झोपडीबाहेरच्या टाकीतले कासव येणाराजाणारा प्रत्येकजण पाहतो. गुन्हा दोघांचा सारखा, पण पहिली तक्रार कुणाच्या नावावर होईल हे आपल्या लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही. बिगारी काम करणाऱ्या घरातल्या तरुण पोराच्या नावावर असला गुन्हा लागला तर जामीन, वकील, तारखा यांत सारे घर बसते आणि नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो कागद पुन्हा वर येतो.

म्हणून फोन करावा. महाराष्ट्र वन विभागाची हेल्पलाइन १९२६ या क्रमांकावर आहे. तालुक्याच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयातही कळवता येते. फोन कुणी केला, किती वाजता केला, पलीकडून कोण बोलले, काय सांगितले, हे सर्व वहीच्या एका पानावर लिहून ठेवावे. पिल्ले किती, कुठे सापडली, कोणत्या तारखेला, हेही. वनरक्षक येऊन घेऊन गेला तर त्याचे नाव व हुद्दा लिहून घ्यावा आणि दोन ओळींची पोच मागावी. आम्ही कारकून माणसे, आमचा विश्वास कागदावर. पण हा विश्वास अनुभवातून आलेला आहे. ज्याच्या हातात कागद असतो त्याला फारसे कुणी दरडावत नाही. कायद्यातही असे आहे की सरकारची मालमत्ता ठरणारा वन्यप्राणी ज्याच्या हाती येतो त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोलीस ठाण्याला किंवा अधिकाऱ्याला कळवले पाहिजे. चांगल्या मनाने उचललेले पिल्लू आठवडाभर घरात राहिले की चांगले मन सिद्ध करणे अवघड होते.

आणि कृपा करून जागेच्या पत्त्यासह फोटो मोबाइलवर फिरवू नका. एक फोटो वन विभागासाठी पुरे. चोरांकडेही मोबाइल असतात.

वीस नखांच्या कासवाबद्दल तर स्वतंत्र लिहायला हवे. वीस नखी कासव मिळाले की अमुक पूजा करून पैशांचा पाऊस पडतो, गुप्तधन सापडते, अशी थाप मारून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात वेळोवेळी पकडल्या गेल्या आहेत. त्यामागचा साधा हिशेब सांगतो. मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायावर तीनच नखे असतात, म्हणजे एकूण बारा. कठीण पाठीची आपल्याकडची तळ्यातली काळी कासवे आणि चांदण्यांची कासवे यांना पुढच्या पायांवर पाच-पाच, मागच्या पायांवर चार-चार, म्हणजे अठरा. एखाद्याला जन्मतः जास्तीची दोन नखे असली तर ते तसेच, जसे एखाद्या माणसाला सहावे बोट असते. सहा बोटांच्या माणसाच्या घरी पैशाचा पाऊस पडलेला कुणी पाहिला आहे का? पण वीस नखे मिळेपर्यंत हे लोक शेकडो कासवे पकडायला लावतात. पकडणारे हात गरिबाचे, पैसे दलालाचे, आणि धाड पडली की सापडतो तो पकडणाराच. जादूटोण्याच्या नावाखाली फसवणूक करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून स्वतंत्र कायदा आहे. असा 'ओळखीचा माणूस' वस्तीत फिरत असेल तर पोलीस ठाण्यात सांगावे. आमच्या गल्लीतल्या गृहस्थांना आम्ही हा सगळा हिशेब सर्वांसमक्ष सांगितला. ते 'गंमत केली' म्हणाले. बरे आहे, गंमत तर गंमत.

घरात कासव ठेवले की लक्ष्मी येते, उत्तरेला तोंड करून ठेवावे, ही त्याचीच पांढरपेशी आवृत्ती. आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात हे सर्व मागे टाकून आलो आहोत. कासव कुणाचा अवतार आहे म्हणून त्याला हात जोडण्याचे कारण नाही. बावीस प्रतिज्ञांत अवतारकल्पना नाकारली आहे, आणि त्याच प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याचे, त्यांचा सांभाळ करण्याचे वचनही आहे. ते वचन आपण देवाला दिलेले नाही.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्ष्याचा प्रसंग घेतला आहे, तो आपल्या मुलांना पाठ असतो. आम्ही त्या मुलाला उलट विचारले, तिथे भांडण कुणाशी होते? मारणाऱ्याशी. मारणारा म्हणत होता पक्षी माझा, आणि निवाडा असा झाला की मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा हक्क मोठा. पण या पिल्लांच्या बाबतीत मारणारा कुठे आहे? ती आपल्या पायाने तळ्याकडे निघाली होती, मध्ये तू आलास. मुलगा काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "रस्त्यावर टँकर होता ना!" हे खरे होते. म्हणून आम्ही त्याला म्हटले, टँकरपासून वाचवलेस तेवढा हक्क तुझा, आणि त्या हक्काने त्यांना रस्ता ओलांडून द्यायचे काम तुझेच. वनरक्षक दुपारी आला. त्याने पिल्ले पाहिली, धडधाकट आहेत म्हणाला, आणि त्याच्या देखत त्याच तळ्याच्या काठी, गवत असलेल्या उथळ जागी ती सोडली. मुलांनी स्वतःच्या हाताने सोडली. पोच मात्र आम्ही घेतली.

त्याच तळ्यात, हे महत्त्वाचे. 'मोठ्या धरणात सोडू, तिथे सुखी राहतील' हा विचार चुकीचा. तिथले पाणी, तिथले खाणे, तिथले रोग वेगळे. जिथली पिल्ले तिथेच. एका प्रकाराला मात्र हे लागू नाही. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हिरवे छोटे कासव दिसले तर ते रानातले नव्हे. ते अमेरिकेतले, मत्स्यपेटीच्या दुकानात विकले जाणारे. मोठे झाले, वास येऊ लागला की लोक ते गुपचूप सोडून देतात. ते आपल्या तळ्यात गेले की इथल्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. ते सापडले तर तळ्यात न सोडता वन विभागालाच विचारावे.

या सोडण्यावरून आठवले. बौद्ध देशांत जीवदान म्हणून मासे, कासवे विकत घेऊन पाण्यात सोडण्याची चाल आहे. आपल्याकडेही सहलीहून आलेले काही उपासक ती सुरू करू म्हणतात. आमचे मत याच्या विरुद्ध आहे. सोडण्यासाठी विकत घ्यायचे म्हटले की कुणीतरी विकण्यासाठी पकडणार. थायलंडमध्ये एका सार्वजनिक कुंडात ठेवलेल्या समुद्री कासवीवर लोक नशीब उजळावे म्हणून नाणी टाकत. २०१७ च्या मार्चमध्ये बँकॉकच्या डॉक्टरांनी तिच्या पोटातून ९१५ नाणी काढली. लोकांनी तिचे नाव 'ओमसिन', म्हणजे पैसे साठवायचा डबा, असे ठेवले होते. त्याच महिन्यात ती मेली. नाणी टाकणारे बहुतेक सर्व बुद्धाला वंदन करणारेच असणार.

आपल्या परंपरेत याहून चांगले सापडते. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर पाचवा स्तंभलेख कोरवून घेतला. त्यात न मारायच्या प्राण्यांची यादी आहे आणि त्या यादीत कासवाचा उल्लेख असल्याचे अभ्यासक वाचतात. त्याच लेखात, आत जीव असताना भुसा पेटवू नये, अशीही आज्ञा आहे. विहाराच्या मागे पालापाचोळा जाळणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. वर्षावासाचे मूळही इथेच आहे. पावसाळ्यात भिक्खू हिंडले की कोवळे अंकुर आणि बारीक जीव तुडवले जातात अशी लोकांची तक्रार झाली, तेव्हा तथागतांनी भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. कासवाची पिल्ले जमिनीतून वर येतात तोही हाच काळ. मुलांना सांगायला कुरुंगमृग जातक आहे. फाशात सापडलेल्या हरणाची चामड्याची वादी कासव कुरतडते आणि सुतारपक्षी शिकाऱ्याला दारातच अडवून धरतो. भारहुतच्या स्तूपावर ही गोष्ट कोरलेली आहे. जातकात कासव दातांनी वादी तोडते, खऱ्या कासवाला दात नसतात, जबड्याची धारच असते. मुले हे विचारतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

हे सारे बोलत असताना आमच्या एका जुन्या कार्यकर्ता मित्राने आम्हांला टोकले. माणसांना घरे नाहीत, पोरांना नोकऱ्या नाहीत आणि तुम्ही कासवे काय घेऊन बसलात? गाईला चारा आणि माणसाला मार, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे, त्यामुळे प्राणिदयेचे नाव काढले की आपल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडणे रास्त आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती आणि आपल्या माणसांना मनाई होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथे ओंजळीने पाणी प्यायले. पण आपले भांडण गुरांनी पाणी पिण्याशी नव्हते. तळे सर्वांचे आहे एवढेच आपले म्हणणे होते. आणि दुसरी गोष्ट व्यवहाराची. आमच्या त्या तळ्यात कडेने डेब्रिज टाकणे सुरू आहे. तळे बुजले तर कासव जाईल, पण त्या तळ्यात उतरणारे पावसाचे पाणी कुठे जाईल? आमच्या खालच्या दोन गल्ल्यांतल्या घरांत. मित्राने मान डोलावली नाही, पण डेब्रिजविरुद्धच्या अर्जावर सही केली.

पूर्वी आपल्या लोकांनी कासव खाल्ले नाही असे नाही. भातखाचरात सापडले की चुलीवर चढायचे. भुकेने खाल्ले त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, आणि पोट भरलेल्यांनी त्यावर बोलू नये. आज कायदा वेगळा आहे आणि कासवेही पूर्वीसारखी राहिली नाहीत, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगावे.

कोकणातल्या वाचकांसाठी दोन शब्द वेगळे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या किनाऱ्यावर येणारी ऑलिव्ह रिडले ही समुद्रातली कासवे. मादी वाळूत एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले निघतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांसह ही घरटी राखायला सुरुवात केली. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावरही मार्च २०१८ मध्ये पिल्ले निघाली होती. रात्री समुद्राच्या बाजूला उजळ दिसते, म्हणून पिल्ले उजेडाकडे जातात. मागे वाडीत, घरावर, हॉटेलावर मोठे दिवे असतील तर ती फसून माडाच्या बागेत, रस्त्यावर येतात. अशी पिल्ले गोड्या पाण्यात, विहिरीत टाकू नयेत. ओल्या वाळूच्या टोपलीत ठेवून लगेच वन विभागाला किंवा गावातल्या कासवमित्रांना कळवावे. पाण्यात फेकू नये, वाळूवर ठेवून स्वतः चालत जाऊ द्यावे. आणि घरट्यांच्या हंगामात समुद्राच्या बाजूचे दिवे रात्री बंद ठेवावेत किंवा त्यांना जमिनीकडे तोंड असलेले झाकण लावावे.

आमच्या महिला मंडळाने भेंडीचा तो कोपरा २०२५ मध्येही खणला नाही. चार विटा आणि एक पाटी लावली आहे, पाटीवर १९२६ हा क्रमांक लिहिला आहे. त्या वर्षी तिथे काही निघाले नाही. भेंडी मात्र बाकीच्या वाफ्यांत भरपूर आली.

पुढच्या अंकात शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जात होणाऱ्या नेहमीच्या अडचणींबद्दल लिहू. बँक खात्याला आधार जोडले आहे का, तेवढे आधी पाहून ठेवा. जय भीम.